अंगठीतल्या हिऱ्याची किंमत

गणिताच्या पुस्तकात चलनाच्या प्रकरणात एक उदाहरण हमखास भेटते. हिऱ्याची किंमत त्याच्या वजनाच्या वर्गाच्या समचलनात असते. हिरा खाली पडून त्याचे दोन तुकडे झाले, तर मालकाचे नुकसान किती? आपल्यापैकी बहुतेकांनी ते आधी विद्यार्थी म्हणून सोडवले आणि नंतर शिक्षक म्हणून फळ्यावर सोडवून दाखवले. १० एकक वजनाच्या हिऱ्याचे ६ आणि ४ असे तुकडे झाले, तर १०० ऐवजी ३६ आणि १६ मिळून ५२ च उरतात. उत्तर जुळले की आपण पुढच्या उदाहरणाकडे वळतो. पण वर्गातल्या एखाद्या चौकस मुलीने उठून विचारले, 'वर्गच का? सोने दुप्पट घेतले तर पैसे दुप्पट पडतात. हिऱ्याच्या बाबतीत हे ठरवले कोणी?' तर?

प्रश्न साधा वाटतो, पण तो थेट सराफाच्या पेढीपर्यंत जातो. साखरपुड्यात हिऱ्याची अंगठी हवी असे आज शहरांतल्याच नव्हे, तालुक्याच्या गावांतल्याही घरांत बोलले जाऊ लागले आहे. त्यासाठी काही महिन्यांची कमाई मोजली जाते. त्या पैशांत नेमके काय विकत घेतले जाते हे पाहायचे, तर आपल्याला कृष्णेच्या काठापासून न्यूयॉर्कपर्यंत जावे लागेल.

वर्गाचा हा नियम निसर्गाचा नाही, व्यापाऱ्यांचा आहे. तो छापून सर्वत्र पोहोचवणाऱ्यांत झां-बाप्तिस्त ताव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या प्रमुख. सतराव्या शतकात तो पुन्हा पुन्हा हिंदुस्थानात आला आणि १६७६ साली त्याने आपले प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. एक कॅरटचा निर्दोष हिरा १५० लिव्रला धरला, तर १२ कॅरटच्या तशाच हिऱ्यासाठी १२ चा वर्ग करून १५० ने गुणावे, म्हणजे २१,६०० लिव्र होतात, अशी रीत त्याने दिली आहे. लहान खडे पुष्कळ सापडतात, मोठे क्वचित, आणि मोठ्या खड्यावर डोळा ठेवणारे राजे-बादशहा भाव करीत बसत नाहीत. एवढ्या व्यवहारावरून बेतलेला हा ठोकताळा आहे. त्यात गुरुत्वाकर्षणाच्या नियमाची अपरिहार्यता शोधू नये.

ताव्हर्निएच्या काळी जगातले जवळजवळ सगळे हिरे हिंदुस्थानातून जात. ब्राझीलमधले हिरे बाजारात आले ते १७३० च्या सुमारास. गोवळकोंड्याच्या राज्यातल्या कोल्लूरच्या खाणीवर साठ हजारांच्या आसपास माणसे राबताना पाहिल्याचे तो लिहितो. तिथल्या पारखीचे त्याने केलेले वर्णन विज्ञानाच्या शिक्षकाने मुद्दाम वाचावे असे आहे. युरोपातले जवाहिरे हिरा दिवसाच्या उजेडात पाहत; इथले पारखी रात्री, भिंतीतल्या कोनाड्यात दिवा ठेवून, खडा बोटांत धरून पाहत. हिऱ्याच्या 'पाण्यात' निळसर झाक आहे की नाही हे ताडण्यासाठी तो दाट पानांच्या झाडाखाली, हिरव्या सावलीत न्यायचा. प्रकाशाचा स्रोत बदलला की रंगाची जाण बदलते, हे या मंडळींनी अनुभवाने हेरले होते. सौदा मात्र मुक्याने होई. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसत, कापडाखाली एकमेकांचा हात धरत. सबंध पंजा धरला तर हजार, एक बोट धरले तर शंभर, बोटाचे अर्धे पेर धरले तर त्याहून कमी. आपल्याकडच्या गुरांच्या बाजारात रुमालाखाली चालणारा सौदा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना यात नवल वाटणार नाही. रावलकोंड्याच्या खाणीवर तर दहा ते सोळा वर्षांची व्यापाऱ्यांची मुले सकाळी झाडाखाली तराजू आणि वजने घेऊन बसत, आलेले हिरे पारखून विकत घेत आणि संध्याकाळी हिशेब करून नफा वाटून घेत.

आता वजनाकडे वळू. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हिऱ्याची परीक्षा सांगितली आहे. तिथे वजनाचे माप आहे तांदळाचा दाणा, आणि एक तांदूळ म्हणजे आठ पांढऱ्या मोहऱ्या. उत्तम हिरा पाण्यावर तरतो असेही तिथे म्हटले आहे. हिऱ्याची घनता पाण्याच्या साडेतीन पट असल्यामुळे तो तरणार नाही, हे आठवीतला मुलगाही सांगेल. पण हिऱ्याला पाणी चिकटत नाही, चरबी मात्र चिकटते. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत चरबी फासलेल्या पाटांवरून चुरा व पाणी वाहवून हिरे वेगळे काढत ते याच गुणामुळे. त्यामुळे अगदी बारीक हिरकणी पृष्ठताणाच्या जोरावर पाण्यावर टेकून राहू शकते. जुन्यांनी असे काही पाहिले असेल का, अशी शंका आम्हाला येते. शंकेपलीकडे तिची किंमत नाही.

आपली रती गुंजेवरून आली, पश्चिमेतला कॅरट कॅरोब नावाच्या झाडाच्या बीवरून. (सोन्याचा कॅरट वेगळा. तो शुद्धता सांगतो, हिऱ्याचा कॅरट वजन.) कॅरोबच्या बिया निसर्गतःच अगदी एकसारख्या वजनाच्या असतात म्हणून त्या निवडल्या, असे पुस्तकांतून सर्रास लिहिलेले आढळते. २००६ साली काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्या प्रत्यक्ष तोलून पाहिल्या. त्या इतर झाडांच्या बियांइतक्याच कमीजास्त भरल्या. मात्र माणसाला नजरेने सारख्या बिया निवडून काढता येतात, असेही दिसले. हा प्रयोग शाळेत सहज होतो. गुंज विषारी आहे, ती टाळावी. पन्नास चिंचोके घ्यावेत, प्रयोगशाळेच्या तराजूवर एकेक तोलावेत, मग मुलांनी नजरेने 'सारखे' म्हणून निवडलेले दहा तोलावेत, आणि दोन्हींतला फरक पाहावा. बियांच्या मापांमुळे गावोगावचा कॅरट निराळा होता. १९०७ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०० मिलिग्रॅमचा मेट्रिक कॅरट मान्य केला, तेव्हा कुठे सगळ्यांचा हिशेब एक झाला.

इथपर्यंत हिरा राजेरजवाड्यांचा होता. ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने १४७७ साली बर्गंडीच्या मेरीला वाङ्‌निश्चयाच्या वेळी हिऱ्याची अंगठी दिली, हे उदाहरण नेहमी दिले जाते. पण ती सम्राटाच्या मुलाने सरदारकन्येला दिलेली भेट होती. कारकुनाने आपल्या वाग्दत्त वधूला द्यावी अशी रीत नव्हे. तशी रीत पडायला आधी हिरे मुबलक व्हावे लागले. १८६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ऑरेंज नदीजवळ एका शेतकऱ्याच्या पोराला खेळताना सापडलेला खडा हिरा असल्याचे सिद्ध झाले. चार वर्षांत किंबर्लीला माणसांची झुंबड उडाली आणि हिरे जमिनीच्या पोटातून वर आलेल्या एका विशिष्ट खडकात टनांनी खणून काढता येतात हे कळले. दुर्मिळतेवर उभी असलेली किंमत आता कोसळणार, हे खाणमालकांच्या लगेच ध्यानात आले. सेसिल ऱ्होड्सने एकेक खाण गिळत १८८८ साली डी बीअर्स कंपनी उभी केली. उत्पादन आवरायचे, माल एकाच दारातून विकायचा आणि मागणी पाहून तो सोडायचा, हे तिचे धोरण विसाव्या शतकात बहुतेक काळ चालले. खाणीत राबणाऱ्या काळ्या मजुरांना कराराची मुदत संपेपर्यंत कुंपणाच्या आत कोंडून ठेवीत. हिऱ्यांच्या जाहिरातींत ही कुंपणे कधी आली नाहीत.

अंगठीचे आजचे रूपही त्याच सुमाराचे. १८८६ साली न्यूयॉर्कच्या टिफनी पेढीने सहा बारीक दांड्यांवर खडा वर उचलून धरणारे कोंदण आणले. बंद कोंदणात हिऱ्याला वरून मिळेल तेवढाच उजेड मिळे. इथे तो बाजूंनीही मिळू लागला. खडा असा उघड्यावर आला की त्याला धक्का बसण्याची भीतीही वाढते. हिरा सर्वांत कठीण खरा, पण कठीण म्हणजे चिवट नव्हे. ठरावीक प्रतलांवर नेमका आघात झाला तर तो दुभंगतो. तेव्हा गणितातला तो पडून फुटणारा हिरा काही अगदीच कपोलकल्पित नाही.

१९२९ नंतरच्या मंदीत हिऱ्यांचा खप बसला. युरोपावर युद्धाचे ढग होते. मोठी गिऱ्हाइके अमेरिकेत होती, आणि तिथेही लोक लहान व हलके खडे घेऊ लागले होते. १९३८ साली डी बीअर्सचा तरुण वारस हॅरी ओपनहायमर न्यूयॉर्कला गेला आणि एन. डब्ल्यू. एअर या जाहिरात कंपनीशी त्याने बोलणी केली. मक्तेदारीविरोधी कायद्यामुळे डी बीअर्सला अमेरिकेत उघडपणे व्यापार करणे अवघड होते. म्हणून जाहिरात कंपनीच्या नावाची नव्हे, हिरा या वस्तूचीच करायची ठरली, आणि खरे तर वस्तूपेक्षा एका रिवाजाची. चित्रपट-तारकांच्या बोटांतल्या अंगठ्यांच्या बातम्या वर्तमानपत्रांना पुरवल्या गेल्या. आम्हाला सर्वांत जास्त टोचली ती वेगळीच गोष्ट. १९४० च्या दशकात या कंपनीने माध्यमिक शाळांमध्ये व्याख्याते पाठवण्याची व्यवस्था केली होती. ते मुलींपुढे हिऱ्यांच्या अंगठ्यांविषयी व्याख्याने देत. ज्ञानदानाच्या नावाखाली शाळेच्या सभागृहात काय काय शिरते, याचा विचार करताना हे उदाहरण हाताशी असावे.

१९४७ साली याच कंपनीत मजकूर लिहिणाऱ्या फ्रान्सिस गेरेटीने 'हिरा कायमचा' अशा अर्थाची चार शब्दांची ओळ लिहिली. आपल्याकडे ती पुढे 'हीरा है सदा के लिए' या रूपात आली. बाईंनी स्वतः लग्न केले नाही. त्या ओळीत दोन कामे होती. प्रेम टिकाऊ आहे हे एक. आणि हिरा घेतल्यावर विकायचा नसतो हे दुसरे. घरोघरी साठलेले हिरे बाजारात परत आले असते, तर नव्यांचा भाव टिकला नसता. पुढे 'किती खर्च करावा' याचेही उत्तर जाहिरातींनीच दिले. १९८० च्या दशकात ते अमेरिकेत दोन महिन्यांचा पगार असे होते. ज्या वस्तूची योग्य किंमत घेणाऱ्याच्या पगारावरून ठरते, अशी दुसरी वस्तू आम्हाला तरी आठवत नाही. जपानमध्ये हा बदल आणखी झपाट्याने झाला. १९६७ साली तिथल्या वाग्दत्त वधूंपैकी पाच टक्क्यांहून कमी जणींना हिऱ्याची अंगठी मिळे. १९८१ पर्यंत हे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास गेले. चौदा वर्षांत एका पुरातन समाजाची विवाहाची रीत बदलली.

रिवाज पडला, पण सामान्य गिऱ्हाइकाने हिरा निवडावा कसा? रॉबर्ट शिप्ले याने १९३१ साली स्थापन केलेल्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका या संस्थेने त्यासाठी कॅरट, रंग, स्वच्छता आणि घडण अशा चार कसोट्यांची भाषा रूढ केली. १९५३ पासून तिच्या श्रेणी ठरीव झाल्या. रंगाची श्रेणी इंग्रजी 'डी'पासून सुरू होते, कारण 'ए', 'बी', 'सी' ही अक्षरे आधीच्या गोंधळाच्या पद्धतींत वापरून झिजली होती. हिऱ्यातली पिवळसर झाक बहुधा नायट्रोजनच्या अणूंमुळे येते, निळा रंग बोरॉनमुळे. स्वच्छता दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहायची असते. म्हणजे वरच्या पायऱ्यांमधला फरक नुसत्या डोळ्याला दिसतच नाही. प्रमाणपत्रावर तो दिसतो, आणि किमतीतही.

घडणीत मात्र खरे भौतिकशास्त्र आहे. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२, म्हणून त्याचा क्रांतिक कोन अवघा २४.४ अंश, काचेचा ४२ अंशांच्या जवळ असतो. आत शिरलेला प्रकाश खालच्या पैलूंवरून पुरता परावर्तित होऊन वरून बाहेर पडावा, यासाठी पैलूंचे कोन नेमके असावे लागतात. अँटवर्पच्या हिरे घडवणाऱ्या घराण्यातला मार्सेल टोल्कोव्हस्की लंडनमध्ये अभियांत्रिकी शिकत होता. त्याने १९१९ साली हे गणित मांडले आणि खालच्या पैलूंसाठी पावणेएक्केचाळीस अंश व वरच्यांसाठी साडेचौतीस अंश असे कोन काढले. खालचा भाग उथळ झाला किंवा फार खोल झाला, तर प्रकाश मागून निसटतो आणि हिरा मलूल दिसतो.

पण कोन साधायचे तर वजन गमवावे लागते. कोहिनूर १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात ठेवला तेव्हा लोक निराश झाले; तो काही चमकेना. मोगल घडणीत वजन राखण्याला महत्त्व होते. १८५२ साली त्याला नव्याने पैलू पाडले गेले आणि सुमारे १८६ कॅरटचा कोहिनूर सुमारे १०५ वर आला. वजन की तेज, हा झगडा आजही प्रत्येक खड्यावर चालतो. एक कॅरट या गोल आकड्यापाशी भाव एकदम उडी घेतो, म्हणून काही कारागीर खालचा भाग जाड ठेवून काटा एकवर नेतात. थोडे गणित करा. व्यास वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो. चांगल्या घडणीचा एक कॅरटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटर व्यासाचा असतो, ०.९५ कॅरटचा सुमारे ६.४. फरक एक दशांश मिलिमीटरचा. बोटात तो कोणाच्याच लक्षात येणार नाही, बिलात येतो. दुप्पट वजनाचा हिराही बोटावर सव्वापटच रुंद दिसतो.

राहिला 'कायमचा' हा शब्द. लाव्हाझिएने १७७२ साली मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळून दाखवला. स्मिथसन टेनंटने १७९७ मध्ये सारख्या वजनाचा हिरा आणि कोळसा जाळून दोन्हींपासून सारखाच कार्बन डायॉक्साइड मिळतो हे सिद्ध केले. हिरा म्हणजे कार्बन. आपल्या पृष्ठभागावरच्या दाबाला कार्बनचे स्थिर रूप ग्राफाइट आहे. हिरा पेन्सिलीतले शिसे होत नाही ते केवळ त्या बदलाला लागणारी ऊर्जा त्याला सहजी मिळत नाही म्हणून. आणि हिरा जर कार्बन असेल, तर कार्बनपासून हिरा करता आला पाहिजे. १९५४ च्या डिसेंबरात जनरल इलेक्ट्रिक कंपनीत ट्रेसी हॉलने लाखभर वातावरणांच्या आसपासचा दाब आणि दीड हजार अंशांवरचे तापमान देऊन तो केला. ते कण उद्योगात घासण्या-कापण्यासाठी गेले. दागिन्याच्या प्रतीचे खडे याच कंपनीने १९७० साली केले, पण तेव्हा ते खाणीतल्यापेक्षा महाग पडत. पुढे मिथेन व हायड्रोजन वायूंच्या मिश्रणातून हिऱ्याच्या पातळ चकतीवर कार्बनचे थर चढवण्याची पद्धत सुधारली. आता काही आठवड्यांत खडा तयार होतो, आणि सुरतेत असे कारखाने मोठ्या प्रमाणावर चालतात.

हा हिरा नकली नाही. रचना तीच, घनता तीच, अपवर्तनांक तोच. सराफाच्या भिंगातून तो ओळखू येत नाही; प्रकाशवर्णपट तपासणारी उपकरणे लागतात. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१८ साली हिऱ्याच्या व्याख्येतून 'नैसर्गिक' हा शब्द काढून टाकला. मात्र त्याचा भाव गेल्या काही वर्षांत भराभर घसरला आणि आज तो खाणीतल्या हिऱ्याच्या कितीतरी खाली आहे. ताव्हर्निएचा वर्गाचा नियमही इथे लागू पडत नाही. मोठा खडा म्हणजे यंत्राचे थोडे जास्त दिवस. दहा हजार लहान खड्यांमागे एखादा मिळणारा योग नव्हे. २०२५ साली शिप्लेच्या त्याच संस्थेने जाहीर केले की, प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांना रंग-स्वच्छतेच्या जुन्या बारीक श्रेणी यापुढे द्यायच्या नाहीत, मोजके ढोबळ वर्ग पुरेत. कारण ते बहुतेक सगळेच वरच्या श्रेणींत बसतात. जिथे सगळेच पहिल्या वर्गात, तिथे गुणपत्रिकेला अर्थ राहत नाही, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

आपल्याकडचा साखरपुडा नावाप्रमाणे साखरेच्या पुड्याचा. अंगठ्यांची देवघेव त्यात मागाहून आली, आणि आली तीही सोन्याची. सोन्याचे गणित घरातल्या आजीलाही तोंडपाठ असते. मोड घातली की घट जाईल, घडणावळ बुडेल, पण त्या दिवसाच्या भावाने बाकीचे हाती येईल. अडीअडचणीला बाईच्या अंगावरचे सोने उभे राहते ते यामुळेच. हिऱ्याला असा रोजचा एकच भाव नसतो. प्रत्येक खडा वेगळा, त्याची पारख वेगळी, आणि परत घेणारा व्यापारी तो घाऊक भावाच्याही खालून मागतो, कारण त्याला तसाच खडा दुसरीकडून उधारीवर मिळतो. प्रयोगशाळेतल्या हिऱ्याला तर आज परत घेणारा शोधावा लागतो.

म्हणून अंगठी घ्यायला जाणाऱ्या माजी विद्यार्थ्याने विचारले, तर आम्ही त्याला एवढेच सांगतो. खडा खाणीतला की प्रयोगशाळेतला, हे बिलावर स्पष्ट लिहून घे. कॅरटच्या जोडीला व्यास मिलिमीटरमध्ये विचार. दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली पाहिलेला खडा दाराबाहेर आणून दिवसाच्या उजेडात, आणि जमल्यास एखाद्या झाडाच्या सावलीत पाहा. आणि 'परत घेऊ' असे सांगितले, तर रोख परत देणार की दुसऱ्या दागिन्यावर वळते करणार, आणि त्यात किती टक्के कापणार, ते पैसे देण्याआधी त्याच बिलावर लिहायला लाव.